नानांचा फेसाळ्या

खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवली की तिच्या काचेच्या कडेला मीठ धरतं. आज पुसा, परवा पुन्हा आहेच. आमच्या कंपूतले किस्सेही तसेच. कुणी मुद्दाम गोळा केले नाहीत, पण आमच्यातले दोघं रस्त्यात भेटले तरी एक थर चढायचाच. मध्ये एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाने मला विचारलं, "तुम्ही लोक म्हणे पूर्वी माशांच्या तोंडाला फेस आणायचात?" तेव्हा ठरवलं, गावाने आपल्या परीने सांगण्यापेक्षा आपणच सांगून मोकळं व्हावं.

तर कंपू म्हणजे आम्ही चौघं. नाना सुर्वे, जन्मभर हायस्कुलात गणित शिकवून नुकतेच रिटायर झालेले. डॉक्टर लिमये, दातांचे. हनीफभाई, ज्यांचा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बर्फाचा कारखाना. आणि मी, बाजारात चष्म्याचं दुकान. दुपारी चारला माझ्या दुकानात बैठक भरायची, कारण गिऱ्हाईक नसायचं. साल ऐंशीच्या पुढचं कुठलंतरी. टाकी चौघांत एकच, नानांची. मतं मात्र चार होती.

ओहोटीला खडकांतल्या डबक्यांतून नानांनी स्वतः पकडून आणलेले मासे त्यात होते. अंगावर काळे पट्टे असलेला एक, तो पट्टेवाला. शंखात राहणारा एक खेकडा होता, तो हेडमास्तर, कारण काही गडबड झाली की आधी आत जायचा. नाना रोज सकाळी टाकीसमोर उभं राहून हजेरी घ्यायचे. शाळा सुटल्यावर या माणसाला हजेरी घ्यायला एवढेच उरले होते, आणि ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

*

आता मूळ भानगड काय, ती सांगतो. पावसाळ्यात आमचा समुद्र गढूळ होतो. नद्यांचं तांबडं पाणी खाडीतून येतं, किनाऱ्याचं पाणी धड खारं राहत नाही आणि धड गोडं. म्हणजे मृगापासून पुढे टाकीतलं पाणी बदलायचं तर आणायचं कुठून? आदल्या वर्षी नानांनी नुसतंच ढकललं. श्रावण संपेपर्यंत पाणी पिवळं झालं, मासे एकेक करून गेले, आणि नेमका गणपती घरात आला तेव्हा टाकीला असा वास सुटला की आरतीला आलेली माणसं उदबत्त्या स्वतःकडे ओढून घेत होती.

टाकी होती गणपतीच्या चौरंगाला लागून. दुसरी भक्कम भिंत घरात नव्हती. सुमनवहिनींनी तेव्हा सगळ्यांदेखत सांगितलं, "ऐका हो. पुढच्या वर्षी देव घरात असताना त्या पाण्याला वास आला, नाहीतर एक जरी मासा मेला, तरी टाकी परसात. त्यात मी अळू लावीन."

वहिनी एकदा बोलल्या की बोलल्या. नवीन मासे आले, पण नानांनी वर्षभर घरात अळूची भाजी खाल्ली नाही.

*

पावसाच्या आधी पाणी साठवायचं म्हणून हनीफभाईंच्या ओळखीच्या लाँचवरून लांब समुद्रातलं स्वच्छ पाणी कॅनमध्ये भरून आणलं. धक्क्यापासून घरापर्यंत रिक्षावाला तयार होईना, त्याच्या सीटला मीठ लागेल म्हणे. मग नाना आणि मी कॅन घेऊन सिटी बसमध्ये चढलो. कंडक्टरने कॅनला टिचकी मारली.

"काय आहे यात? रॉकेल?"

"समुद्राचं पाणी," नाना म्हणाले.

कंडक्टरने खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर समुद्रच होता. त्याने पुन्हा नानांकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "ह्यांच्या घरचं कोणी सोबत आहे काय?"

*

साठवलेलं पाणी गणपतीपर्यंत पुरणार नव्हतं. तेव्हा डॉक्टर एक परदेशी मासिक घेऊन दुकानात आले. त्यांचा मेव्हणा जर्मनीत. डॉक्टरांचा प्रत्येक शोध त्या मेव्हण्यापासून सुरू व्हायचा.

"नाना, सुटला प्रश्न. तुम्हाला प्रोटीन स्किमर पाहिजे. पाण्यातलं प्रोटीन काढून टाकतो."

"काढून?" नाना म्हणाले. "अहो, सरकार घसा फोडून सांगतंय प्रोटीन खा म्हणून, आणि तुम्ही काढून टाकताय?"

मग डॉक्टरांनी समजावलं. माशांची घाण आणि उरलेलं खाणं पाण्यात विरघळतं. उभ्या नळीत खालून हवेचे बारीक बुडबुडे सोडले की ती घाण बुडबुड्यांना चिकटून वर येते, वर त्याचा फेस होतो, आणि तो फेस वरच्या वाटीत सांडतो. वाटी ओतून टाकायची. पाणी न बदलता पाणी साफ.

हनीफभाईंनी मासिकातलं चित्र उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे वारा सुटला की धक्क्याच्या कडेला तपकिरी फेस जमतो, तोच ना? तो तर आमच्याकडे फुकट हाय. तुमी पैशे देऊन आणताय?"

नाव मात्र त्याच दिवशी पडलं. 'प्रोटीन स्किमर' हनीफभाईंच्या तोंडात बसेना, म्हणून नाना म्हणाले, फेसाळ्या म्हणू.

*

फेसाळ्या घ्यायला नाना आणि मी एसटीने मुंबईला गेलो. रंगीत माशांच्या बाजारात एक दुकान होतं, डॉक्टरांनी पत्ता दिलेला. दुकानदाराने विचारलं, "टाकी केवढी?" गणिताच्या मास्तरांनी लांबी-रुंदी-उंची सांगावी की नाही? त्यांनी दोन्ही हात पसरले. "एवढी."

दुकानदाराने आतून एक नळकांडं आणून उभं केलं, ते नानांच्या खांद्याला लागत होतं. "इंपोर्टेड आहे. हॉटेलवाले हाच नेतात."

"लहान टाकीसाठी दाखवा."

"साहेब, खरं सांगू का? खारं पाणी लहान टाकीत ठेवूच नये. मोठी टाकी घ्या, चूक केली तरी सांभाळून घेते."

"मोठ्या टाकीला मोठं घर लागतं," नाना म्हणाले. "आणि मोठ्या घराला लागतं ते आम्ही कधी कमावलं नाही. बरं, याची गॅरंटी?"

"मशीनची एक वर्ष."

"आणि माशांची?"

"माशांची कोण देणार?"

"मग उलटं करा की. मशीन मेलं तर मला चालेल हो."

शेवटी हवेचा एक छोटा विजेवरचा पंप तेवढा घेऊन आम्ही परत आलो. पोलादपूरच्या थांब्यावर चहा पिताना नाना म्हणाले, "भाऊ, रिकाम्या हाताने घरी गेलो असतो तर ती आजच अळूचे कांदे घेऊन आली असती."

*

मग हनीफभाईंनी आपला मेव्हणा काढला. "तुमचा जर्मनीत, तर आमचा मस्कतला," ते डॉक्टरांना म्हणाले. त्या काळी आखातातल्या माणसांना पत्रापेक्षा कॅसेट जायची. घरातल्या सगळ्यांनी टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचं आणि गावचा कुणी निघाला की त्याच्या बॅगेत ती कॅसेट टाकायची. हनीफभाईंच्या घरची कॅसेट भरली जात होती, त्यात शेवटी नानांना बसवलं.

टेपसमोर बसल्यावर नाना वर्गात उभं राहिल्यासारखे बोलले. "नमस्कार. आपली ओळख नाही, तरी तसदी देतो. माझ्याकडे पाच लहान जीव आहेत. पावसात त्यांचे फार हाल होतात. पाणी बाधतं. डोळ्यांदेखत सुकत जातात. गेल्या वर्षीचे तर सगळे गेले. माझी बायको म्हणते, आता हे पुरे. तरी कृपा करून एक प्रोटीन स्किमर पाठवावा. लहान साइजचा." एवढं बोलून त्यांनी टेप बंद केला.

मासे हा शब्द त्या अख्ख्या निरोपात नव्हता. तेव्हा आमच्यातल्या कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

महिन्या-दीड महिन्याने मस्कतहून पार्सल आलं. आत दुधाच्या पावडरचे डबे. वर इंग्रजीत 'प्रोटीन' होतं, 'स्किम्ड' होतं, आणि गुबगुबीत गालाचं एक बाळ होतं. सोबत उत्तराची कॅसेट. ती नानांच्या घरीच लावली. वहिनी पोह्यांच्या बश्या घेऊन मध्ये उभ्या होत्या. मेव्हण्याचा आवाज अगदी भरून आला होता.

"नानासाहेब, तुमचा ऐकून आमच्या खोलीतली सगळी मानसं रडली. डबे पाठवतोय. संपले तर आनखी पाठवू, लाजू नका. अल्ला त्या लेकरांना सलामत ठेवो. पन बुरा मानू नका, रिटायर झाल्यावर पाच म्हंजे... भाभी म्हनतात त्यांचा ऐका, आता पुरे."

वहिनींनी बश्या टेबलावर ठेवल्या आणि आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही. आम्ही घाबरून नानांकडे बघत होतो. मग कळलं, वहिनी हसून हसून जमिनीवर बसल्या होत्या. पावडरची त्यांनी बर्फी केली आणि पहिली वाटी हनीफभाईंच्या घरी पाठवली.

*

म्हणजे निवड करून करून उरलं काय, तर घरीच करणे. मासिकात चित्र होतं. उभ्या नळीला आम्ही बत्तीची काच घेतली, दोन्ही तोंडं उघडी असलेली. हनीफभाईंकडे होडीवरच्या बत्त्यांच्या अशा काचा पडून होत्या. वरची वाटी औषधाच्या प्लॅस्टिकच्या डबीची. अडलं ते बुडबुड्यांपाशी. बुडबुडे दुधाच्या सायीसारखे बारीक पाहिजेत, आणि ते म्हणे लाकडाच्या ठोकळ्यातूनच येतात. लाकूड परदेशी झाडाचं. ते झाड रत्नागिरीत कोण देणार?

आम्ही आंबा लावून बघितला, बुडबुडे लाडवाएवढे. फणसातून हवाच गेली नाही. पांगाऱ्याच्या लाकडातून मात्र बारीक धूर निघावा तसे बुडबुडे आले. पण ठोकळ्यात हवेची नळी बसवायला बारीक, सरळ भोक पाहिजे होतं. सुताराच्या गिरमिटाने ठोकळे फुटायला लागले.

"त्यात काय," डॉक्टर म्हणाले. "माझं ड्रिल आहे की."

मी ठोकळा घेऊन दवाखान्यात गेलो तेव्हा खुर्चीत पावस गावचा एक म्हातारा तोंड उघडं ठेवून आडवा पडला होता. डॉक्टरांनी त्याला तसंच राहायला सांगितलं आणि त्याच्या उशाशी उभं राहून ठोकळ्यात ड्रिल घातलं. घर्रर्र आवाज, लाकडाचा भुसा, जळका वास. म्हाताऱ्याने डोळे घट्ट मिटून खुर्चीचे हात धरले. काम झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "छान. आरपार गेलं."

म्हाताऱ्याने एक डोळा उघडला, जिभेने सगळे दात चाचपले आणि म्हणाला, "हाताला हलका हां डाक्टर. काय एक कळला नाय."

*

फेसाळ्या टाकीत बसला, पंप सुरू झाला, बुडबुडे झक्क वर चढले आणि फेस काही येईना. जरा जमायचा, वाटीच्या काठापर्यंत यायचा, की बसला खाली. रोज सकाळी असंच. रात्रभर चढलेला फेस नानांची हजेरी झाली की गायब. डॉक्टरांनी मासिक पालथं घातलं. हनीफभाई म्हणाले, कुणाची तरी नजर लागतेय. माझं मत होतं पांगारा कच्चा होता.

शेवटी डॉक्टरांना एका कोपऱ्यात बारीक टायपात सापडलं. पाण्याला तेलाचा अंश लागला की फेस मरतो. आम्ही तिघांनी एकदम नानांच्या डोक्याकडे बघितलं. नाना आंघोळ झाली की टाळूवर खोबरेल थापायचे, तेच हात धोतराला पुसायचे आणि हजेरी घेताना काचेवरचं शेवाळ काढायला कोपरापर्यंत टाकीत घालायचे. इतकी वर्षं कधी चुकलं नव्हतं.

"खोबरेल सोडा," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, मी कोकणातला माणूस आहे," नाना म्हणाले. पण सोडलं. खरंच सोडलं. केस सुतकातल्यासारखे कोरडे, कुंच्यासारखे उभे राहिले. फेस मात्र वाटी भरून यायला लागला, तपकिरी, घाण वासाचा, बघून आम्हाला भरून आलं.

आठवड्याभरात शेजारणीने वहिनींना बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "गो सुमन, नानांच्यात कोण गेला काय? तू काय बोलली नाहीस."

*

श्रावणातला किस्सा एवढासाच आहे. वहिनींची काकू केळशीहून आली होती, कडक व्रतवैकल्यांची. टाकी बघून म्हणाली, "श्रावणात घरात मासे?"

"खात नाही हो काकू," नाना म्हणाले. "नुसते बघतो."

काकूने टाकीकडे एकदा, दोनदा बघितलं. आमच्याकडचं माणूस, श्रावण अर्धा सरलेला. "हो रे बाबा," ती म्हणाली. "आम्ही पण आता नुसते बघायचेच." आणि खुर्ची ओढून टाकीसमोर बसली ती जेवायची वेळ होईपर्यंत.

*

गणपती आले. पाणी काचेसारखं होतं, वास नाव घ्यायला नव्हता. पण वहिनींनी निकाल दिला नव्हता. "देव घरात असेपर्यंत बघीन," एवढंच म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीला घर भरलं. अर्धी माणसं नानांचे जुने विद्यार्थी, कुणी बँकेत लागलेला, कुणी मुंबईहून चाकरीवरून आलेला. हनीफभाई दरवर्षीप्रमाणे दाराजवळच्या खुर्चीत टाळ्या वाजवायला. भटजीही दुसऱ्या घरी जाता जाता थांबलेले. नानांनी ताम्हणातली आरती उचलली, पहिली आरती सुरू झाली आणि लाईट गेली.

आरतीच्या उजेडात सगळे गात राहिले. आम्हाला तिघांना मात्र पंप बंद पडल्याचं आधी कळलं. फेसाळ्यातले बुडबुडे थांबले. तेवढ्या लहान टाकीत, पावसाळी उकाड्यात, हवा बंद पडली की मासे फार वेळ काढत नाहीत. दुसरी आरती चालू होती तेव्हा पट्टेवाला वर येऊन पाण्याच्या पापुद्र्याशी तोंड उघडमीट करायला लागला. मागोमाग बाकीचे. नानांच्या हातात ताम्हण. यजमानाने आरती टाकून जायचं कसं? ते देवाकडे बघून गात होते आणि डोळे टाकीकडे होते. आवाज चिरकायला लागला. डॉक्टर पुढे सरकले, पण मध्ये माणसांची भिंत.

तेवढ्यात वहिनी उठल्या. दारामागून नानांच्या सायकलचा पंप काढला, विजेच्या पंपाची नळी खेचून काढली, सायकलच्या पंपाला लावली, पदर खोचला आणि टाकीशी उकिडवं बसून हवा मारायला लागल्या. लोक टाळ्या वाजवत होते त्याच ठेक्यात. टाळी, दट्ट्या खाली. टाळी, दट्ट्या खाली. फेसाळ्यात बुडबुडे उठले. नानांचा आवाज एकदम मोकळा झाला.

गणपतीची झाली, शंकराची झाली, देवीची, विठोबाची, दत्ताची झाली. येत होत्या तेवढ्या संपल्या. लाईट नाही. नाना मंत्रपुष्पाकडे वळणार तोच वहिनी ओरडल्या, "अहो, थांबवू नका. माझा ताल जाईल."

टाळ्या थांबल्या. पट्टेवाला अजून वरच होता. नानांनी ताम्हण घट्ट धरलं, घाम पुसला, आणि आरतीच्याच चालीवर, पोटातून आवाज काढून सुरू केलं, "एकोणतीस एके एकोणतीऽस..."

मागून त्यांचे सगळे विद्यार्थी, टक्कल पडलेले, पोट सुटलेले, हात जोडून एका सुरात, "एकोणतीस दुणे अठ्ठावन्नऽ..."

टाळ्या पुन्हा लागल्या. हनीफभाईंनी तर खुर्चीवर ताल धरला. वहिनींचा पंप चालू. पट्टेवाला हळूहळू खाली उतरला. एकोणतीसचा संपवून नानांनी सतराचा घेतला तेव्हा भटजी माझ्याकडे वाकले.

"चाल ओळखीची आहे," ते म्हणाले. "पण ही आरती कुठल्या देवाची हो?"